वस्तूंची नावे आणि द्रव्याची ओळख : रायगड किनाऱ्यावरील गृहोपयोगी शब्दांविषयी

मराठीच्या शब्दार्थविचारात घरगुती वस्तूंच्या नावांकडे फारसे कोणी वळलेले नाही. भाववाचक शब्द, धार्मिक परिभाषा, नातेवाचक नामे यांचा परामर्श अभ्यासकांनी पुष्कळ घेतला. परंतु सूप, रोवळी, घासणी, पिशवी हे शब्द इतके हाताशी असतात की त्यांत अभ्यासण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. युरोपात ही उपेक्षा विसाव्या शतकाच्या आरंभीच दूर होऊ लागली. मेरिंगर आणि शुखार्ट यांनी ‘शब्द आणि वस्तू’ हे सूत्र पुढे मांडले, आणि १९०९ साली याच नावाचे जर्मन नियतकालिक निघाले. शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही, हा त्या पंथाचा आग्रह होता. मराठीत या दृष्टीने पाहावयाचे झाल्यास आज एक चांगले उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावर सापडते.

मांडव्यापासून अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड आणि खाली दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंतची ही पट्टी माडा-पोफळीच्या वाड्यांची आहे. मुंबईकरांची येथील ये-जा जुनीच. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारीसह नेणारी जलवाहतूक सुरू झाल्यावर ती अधिकच वाढली. सुटीसाठी येथे येणाऱ्या किंवा येथे दुसरे घर बांधणाऱ्या कुटुंबासाठी आता एका विशिष्ट प्रकारच्या मालाची दुकाने थाटली जातात. त्यांत सुपारीच्या ‘पानां’च्या ताटल्या असतात, करवंटीचे वाडगे आणि चमचे असतात, काथ्याच्या घासण्या, कापडी पिशव्या, बांबूच्या टोपल्या आणि जुन्या लुगड्यांच्या गोधडीवरून बेतलेली पांघरुणे असतात. या वस्तू देखण्या असतात. बांधणी नेटकी, रंग मातकट, पाटीवर ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘पर्यावरणपूरक’. भाषेच्या अभ्यासकाला येथे जे लक्षात येते ते असे की, या वस्तूंचे द्रव्य पुष्कळदा याच किनाऱ्यावरच्या वाड्यांत उगवते. त्यांची नावे मात्र या किनाऱ्याची नाहीत.

पहिले उदाहरण ताटलीचेच घ्यावे. पोफळीच्या झावळीचा बुडाकडील रुंद, चिवट भाग खोडाला वेढून असतो. त्याला कोकणात विरी म्हणतात. झावळी जून झाली की ही विरी खोडापासून सुटते आणि झावळीसह आपोआप खाली येते. एका झाडावरून वर्षाला साधारण पाच ते सात. सुकलेल्या विरीवर एका पोराने बसावे आणि दुसऱ्याने झावळीचा दांडा धरून तिला ओढत न्यावे, हा कोकणातील मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ आहे. आजची ताटली याच विरीची असते. विरी धुऊन भिजवतात, तापवलेल्या साच्यात दाबतात आणि कडा कापतात. डिंक किंवा रसायन काही लागत नाही. व्यापारात तिला इंग्रजी नावाच्या भाषांतरातून ‘सुपारीच्या पानाची प्लेट’ म्हटले जाते. हे नाव दोनदा चुकते. सुपारी हे फळ, झाड पोफळीचे. आणि विरी हे पान नव्हे.

ही चूक केवळ शब्दशुद्धीची नाही. ‘पान’ म्हटले की मराठी बोलणाराच्या मनात तोडण्याची क्रिया येते: विड्याचे पान तोडतात, केळीचे पान कापतात. ‘विरी’ म्हटले की गळून पडलेली वस्तू येते, कारण हिरवी विरी झाडावरून कापून आणण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. वाडीत राबणाऱ्याला ‘विरीची ताटली’ एवढे सांगितले तर झाडाला इजा झालेली नाही हे निराळे सांगावे लागत नाही. ‘पानाची प्लेट’ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र ती शंका येते, आणि म्हणून वेष्टनावर ‘एकही झाड न तोडता, केवळ गळलेल्या पानांपासून’ असे एक वाक्य छापावे लागते. एका दोन अक्षरी नामात जे ज्ञान होते, ते नाम गेल्यावर भरून काढण्यासाठी सबंध वाक्य खर्ची पडते, आणि तेही व्याकरणदृष्ट्या जाहिरातीचे वाक्य होते.

विरी एकटी नाही. माड आणि पोफळ या दोन वृक्षांभोवती कोकणच्या मराठीने जे शब्द रचले आहेत त्यांची सूक्ष्मता वाखाणण्याजोगी आहे. फुलोरा ज्या वेष्टनातून फुटतो ती पोय. सबंध पर्ण ती झावळी किंवा चुडत. तीच विणली की झाप होते आणि आडोशाला किंवा छपराला लागते. पर्णिकेच्या मधली ताठ शीर तो हीर. हीर एकत्र बांधले की खराटा. नारळाचे बाहेरील जाड आवरण ते सोडण. सोडण कुजवून, झोडपून निघतो तो काथ्या. काथ्या वळला की सुंभ. आतील कवच ती करवंटी. तिला दांडी बसवली की डवली. या मालिकेत प्रत्येक शब्द झाडाच्या एका अंगाचे नाव आहे आणि त्याच वेळी घरातील एका कामाची सूचना आहे. हीर म्हणताच झाडणे आठवते, सुंभ म्हणताच बांधणे. वनस्पतिशास्त्राची परिभाषा अंग सांगते, उपयोग सांगत नाही; बाजाराची परिभाषा उपयोग सांगते, अंग सांगत नाही. वाडीच्या परिभाषेत ही फारकत झालेलीच नव्हती.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण महाराष्ट्रभर चालते. ती वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी सुंभ हातात धरला असेल याची शंका यावी अशी आजची स्थिती आहे. म्हणीच्या आधारे शब्द टिकतो, पण सांगाड्यासारखा.

झाडण्याच्या साधनाचा विषय निघाला आहे तर एका शब्दाचा उल्लेख करावयास हवा, जरी तो प्रस्तुत विवेचनाच्या थोडा बाहेर पडतो. कोकणात केरसुणीला वाढवण असाही शब्द आहे. मराठीत नारळ ‘वाढवतात’, बांगडी ‘वाढवतात’, म्हणजे फोडतात; अमंगल क्रियेला मंगल क्रियापद लावण्याची ही रीत आहे. घरातील केर, म्हणजे पर्यायाने काहीतरी, बाहेर लोटणाऱ्या साधनाला ‘वाढवण’ म्हणण्यामागे हीच प्रवृत्ती दिसते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते त्या वस्तूला नाव देताना भाषेने घेतलेली ही काळजी ‘ब्रूम’ किंवा ‘झाडू’ या शब्दांत उतरत नाही.

आता एका व्याकरणिक भेदाकडे वळू. जुन्या घरात भांडी घासावयाची ती राखेने आणि काथ्याने. जमीन सारवावयाची ती शेणाने. डोके धुवावयाचे ते शिकेकाईने किंवा रिठ्याने. पुसावयाचे ते चिंधीने. यांतील बहुतेक नामे द्रव्यवाचक आहेत. ‘दोन राखा’ किंवा ‘तीन काथ्या’ असे कोणी म्हणत नाही; थोडी राख, चिमूटभर, मूठभर, असेच म्हणावे लागते. म्हणजे ज्या द्रव्याने काम व्हावयाचे त्याला वस्तूची गणनीय आकृती नव्हती, आणि जे मोजता येत नाही त्याला नगावर किंमत लावता येत नाही. ‘काथ्याची घासणी’ किंवा ‘कॉयर स्क्रबर’ झाला की तेच द्रव्य गणनीय नामात शिरते: एक घासणी, दोन घासण्या, सहांचा संच. आधुनिक ‘उत्पादन’ या कल्पनेची भाषिक खूण हीच मानावी लागते. काथ्या पूर्वीही होता आणि आजही आहे. बदलले आहे ते नामाचे वचन.

येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहावयास हवे. जुने नाव जुन्या द्रव्याशी कायमचे जखडलेले असते आणि द्रव्य बदलले की भाषा भ्रष्ट होते, असे म्हणणे भाषेच्या इतिहासाला धरून होणार नाही. संस्कृतात ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे ते कोणत्याही स्निग्ध द्रवाचे नाव झाले, आणि मग एरंडेल, खोबरेल हे समास तयार झाले, ज्यांत मुळात तिळाचा अंश औषधालाही नाही. आज ‘खोबरेल तेल’ म्हणताना तेच तेल आपण दोनदा ओततो. द्रोण हे मूळचे लाकडी पात्राचे आणि मापाचे नाव. पानांचा द्रोण हीच त्या शब्दाची पुढची पायरी, कागदाचा त्यानंतरची. पत्रावळीत ‘पत्र’ उघड दिसते, तरी थर्मोकोलची पत्रावळ म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही.

परकीय शब्दांची कथाही हीच आहे. चौल-रेवदंड्यावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज-मिश्रित बोली आजही घरात बोलली जाते, आणि भाषासंकराच्या अभ्यासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. मराठी घरात शिरलेले बादली, घमेले, पिंप हे शब्द पोर्तुगीजच. त्यांपैकी घमेल्याचे मूळ जे ‘गामेला’ ते लाकूड कोरून केलेले पसरट भांडे, आणि पिंपाचे मूळ ‘पीपा’ हेही लाकडी. मराठीत घमेले लोखंडी झाले, पिंप पत्र्याचे झाले, आणि आज दोन्ही प्लास्टिकची मिळतात. नावाला त्याचे काहीच वाटले नाही.

तेव्हा खरा भेद स्वकीय-परकीय किंवा जुने-नवे हा नाही. आकारावरून किंवा कार्यावरून पडलेली नावे एका द्रव्यातून दुसऱ्यात सुखाने जातात. अंगावरून पडलेली नावे जात नाहीत. प्लास्टिकचे सूप होते, प्लास्टिकची केरसुणी होते, प्लास्टिकचा द्रोण होतो; प्लास्टिकची विरी होत नाही, प्लास्टिकचे सोडण होत नाही. प्लास्टिकने घरातून ज्या वस्तू हटवल्या त्यांतील पहिल्या वर्गाची नावे वाचली आणि दुसऱ्या वर्गाची गेली. आता पर्यावरणाच्या नावाने तेच द्रव्य घरात परत येत असताना ते पहिल्या वर्गाच्या नावांखाली येते: प्लेट, बाउल, स्क्रबर, बॅग. द्रव्य परतले, नाव परतले नाही.

या घडामोडीत सर्वांत बोधप्रद शब्द ‘पिशवी’ हा होय. पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठीत पिशवी म्हणजे कापडाचीच असे गृहीत असे. निराळी असल्यास विशेषण लागे. त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन यांच्या प्राग संप्रदायाने जोडीतील एका घटकाला चिन्हांकित आणि दुसऱ्याला चिन्हरहित म्हणण्याची जी पद्धत घातली, तिच्या भाषेत सांगावयाचे तर कापड हे चिन्हरहित होते. प्लास्टिक सार्वत्रिक झाल्यावर हे नाते उलटले. भाजीवाल्याला ‘पिशवी आहे का?’ असे विचारले की प्रश्न प्लास्टिकच्या पिशवीचा असतो, आणि घरून आणावयाची ती ‘कापडी पिशवी’ ठरते. ‘मातीचा माठ’ हेही तसेच. माठ मातीचाच असावयाचा. पण पोलादाचा माठ निघाला आणि मातीला विशेषण होऊन उभे राहावे लागले. ज्याला विशेषण लागते ते अपवाद, ज्याला लागत नाही ते नित्याचे, असा समाजाचा अलिखित निवाडा या विशेषणात नोंदलेला असतो.

कायद्याने हा निवाडा फिरवण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या यांसारख्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंना देशभर मज्जाव केला. कायद्याला वस्तूंची यादी करावी लागते, आणि यादी करावयाची म्हणजे नावे घ्यावी लागतात. जाडीचा निकष मायक्रॉनमध्ये आहे. आठवड्याच्या बाजारात कोळंबी विकणाऱ्या बाईच्या बोलीत त्याला समकक्ष शब्द नाही. तिच्याजवळ ‘पातळ पिशवी’ आणि ‘जाड पिशवी’ हे दोन शब्द आहेत, दंड होतो तो मात्र आकड्यावर. बंदीनंतरही ‘पिशवी’ या शब्दाचा चिन्हरहित अर्थ बोलण्यात प्लास्टिकचाच राहिला आहे, ही गोष्ट बंदीच्या यशापयशाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

‘पर्यावरणपूरक’ या विशेषणाचा विचार आता करता येईल. इंग्रजी शब्दातील मैत्रीची कल्पना ‘पर्यावरणस्नेही’ या पर्यायात अधिक नेमकी उतरते. पण रूढ झाला तो ‘पूरक’. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. ताटलीने पर्यावरणाची कोणती उणीव भरून निघते, हे सांगणे कठीण आहे. फार तर ती त्याची हानी कमी करते. शब्द वस्तूच्या कर्तृत्वापेक्षा मोठा झाला आहे. शिवाय हे विशेषण द्रव्याविषयी काहीच सांगत नाही. दात घासण्याच्या ‘बांबूच्या’ ब्रशचा दांडा बांबूचा असतो, केस बहुधा नायलॉनचे. ‘कागदी’ पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा त्यात राहता ना. विरीच्या ताटल्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली असा इशारा दिला की सुपारीच्या झाडातील अल्कलॉइड द्रव्ये तिच्यातून अन्नात उतरू शकतात. पर्यावरणाला सोयीचे ते पोटाला सोयीचे असेलच असे नाही. हे दोन प्रश्न एका विशेषणाच्या पोटात घातले की दोन्ही विचारावयाचे राहून जातात. सोडण, हीर, विरी या नामांतून द्रव्य कळते आणि त्याविषयी काय विचारावे तेही सुचते. ‘पर्यावरणपूरक’ या शब्दातून केवळ विकणाऱ्याचे मत कळते.

द्रव्य गेले तरी नाव टिकल्याचे उलट उदाहरण याच जिल्ह्यात पेणला आहे. भाद्रपदातील गणेशपूजेला ‘पार्थिव’ पूजा म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. पेण, हमरापूर, जोहे या भागांत तयार होणाऱ्या मूर्तींत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा मोठा वाटा गेली अनेक वर्षे आहे, आणि त्यांच्यापुढेही संकल्पात ‘पार्थिव’ हाच शब्द उच्चारला जातो. म्हणून मातीच्या मूर्तीला आता ‘शाडूची’ किंवा ‘इको-फ्रेंडली’ असे निराळे म्हणावे लागते. ‘पार्थिव’ शब्द अर्थाने रिकामा झाल्याची ही पावती आहे. त्यातही शाडू या किनाऱ्याचा नव्हे. तो गुजरातेतून येतो. ‘स्थानिक’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन गुण एकच असल्यासारखे बोलले जाते, ते किती सैल आहे हे यावरून दिसावे.

या शब्दांची नोंद किती झाली आहे, हा प्रश्न उरतो. मोल्सवर्थच्या कोशाने, विशेषतः १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीने, कोकणच्या शब्दांना बरेच स्थान दिले आणि ते निराळ्या खुणेने दाखवले. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठी खंडात कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडातील, आगरी बोलीचा नमुना आहे. परंतु त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी की प्रत्येक बोलीत उधळ्या पुत्राची कथा सांगवून घ्यावयाची आणि एक ठरावीक शब्दसूची भरून घ्यावयाची. उधळ्या पुत्राला परत आल्यावर झगा, अंगठी आणि पायतण मिळते. रोवळी किंवा खराटा त्याच्या वाटेला येत नाही. साहजिकच व्याकरणाची रूपे मिळाली, घर मिळाले नाही. पुढे घाटगे यांच्या बोलींच्या पाहणीत महाडच्या कुणबी बोलीला स्वतंत्र ग्रंथ लाभला, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे प्रतिमांकित सर्वेक्षण हाती घेतले आहे. तरी वाडीतील द्रव्यनामे गोळा करावयाची तर ती स्वतंत्रपणेच करावी लागतील.

हे काम फार लांबवता येण्यासारखे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांतील माडा-पोफळीच्या वाड्या मोडून पडल्या. श्रीवर्धनी रोठा ज्या बागांत पिकतो त्यांतील पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला येण्यास पाच-सात वर्षे जातात, माडालाही बहुधा तेवढीच. वाडी उभी नसेल तर त्या वर्षांत वाढणाऱ्या मुलाला विरी ओढावयास मिळत नाही, आणि ज्या शब्दाचा खेळ गेला तो शब्द शिकण्याचे त्याला कारण उरत नाही.

संग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. ताटली पुढे धरून ‘याला काय म्हणता?’ असे विचारल्यास प्लेट, डिश, फार तर पत्रावळ अशी उत्तरे येतील आणि ती सर्व खरी असतील, कारण विचारणाराने बाजारातील वस्तू दाखवली. तोच प्रश्न वाडीत, खाली पडलेल्या झावळीकडे बोट दाखवून, शक्य तर ती उचलून बाजूला करणाऱ्या व्यक्तीला विचारावा. कोळी, आगरी, भंडारी, माळी, ब्राह्मण अशा निरनिराळ्या घरांत एकाच अंगाला निराळे शब्द असण्याचा संभव आहे, आणि बायकांजवळ जे शब्द असतील ते पुरुषांजवळ असतीलच असे नाही, कारण सोडण झोडपणारे हात आणि नारळ विकणारे हात घरोघर एकच नसतात. उत्तरासोबत वस्तूचे चित्र, ती वर्षातील कोणत्या महिन्यात हाती येते, आणि काम संपल्यावर तिचे काय होते, या तीन बाबी टिपून घ्याव्यात. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘चुलीत’ किंवा ‘आळ्यात’ हेच उत्तर मिळेल. आळे म्हणजे माडाच्या बुंध्याभोवतीचा खड्डा, ज्यात सोडणे पुरतात.